घरच्या छतावरून

सरकारी कागदात केवलरामचा मोठा मुलगा भूपेंद्र घरच्या छतावरून पडून मेला होता. तसा तो मेला नव्हता. ही गोष्ट केवलरामला पक्की ठाऊक होती, कारण तो कागद त्याच्याच अंगठ्याने झाला होता.

भिलाईजवळच्या जामुलच्या अलीकडे, कारखान्यांच्या भिंतींमध्ये चेपत चेपत उरलेली एक वस्ती आहे. केवलरामचं घर तिथलं. त्याचा बाप भंडाऱ्याकडून आला तो भिलाईत पोलादाच्या भट्ट्या उभ्या राहत होत्या तेव्हा, माती वाहायला. माती वाहून झाली, पण माणूस परत गेला नाही. केवलरामने ठेकेदारांच्या हाताखाली जन्म काढला आणि दोन्ही पोरांनी तेच धरलं. वस्तीपासून सायकलने वीस मिनिटांवर एक रोलिंग मिल आहे, तिथे हिरालाल नावाचा ठेकेदार माणसं पुरवतो. आत जायला गेटपास लागतो. भूपेंद्र डोळ्यांच्या तपासणीत नापास झाला आणि त्याचा पास रद्द झाला. धाकट्या नरेशचा पास चालू होता. दोघे भाऊ दिसायला सारखे, मिशी ठेवली की ओळखू न येण्याइतके. म्हणून नरेशला जमत नसे त्या दिवशी भूपेंद्र त्याच्या पासवर जाई. गेटवरच्या शिपायाला हे माहीत होतं, हिरालालला तर चांगलंच माहीत होतं. पण सगळ्यांचं काम निघत होतं, मग बोलायचं कुणी? उलट लागोपाठ तीन खाडे पडले की हिरालाल पास जमा करून घेई. त्यामुळे अशी अदलाबदल वस्तीत घरोघरी चाले.

मागच्या जूनमध्ये नरेशला उन्हाची लू लागली. दोन दिवस घरीच पडून होता. तिसऱ्या दिवशी सकाळी मैनाबाईनेच भूपेंद्रला म्हटलं की आज तू जा बाबू, नाहीतर त्याचा पास जाईन. भूपेंद्रने रात्रीच्या पाणी घातलेल्या भाताची ताटलीभर बासी खाल्ली, वर कांदा खाल्ला आणि गेला. मिलच्या शेडवर जुने पत्रे काढून नवे घालायचं काम चाललं होतं. अकराच्या सुमारास त्याचा पाय सटकला. धरायला म्हणून त्याने पत्र्याची धार दोन्ही हातांनी पकडली, तळहात कापले गेले आणि तो खाली लोखंडाच्या थप्पीवर आला. कमरेला पट्टा नव्हता. पट्टे हिरालालच्या खोलीत खिळ्याला टांगलेले असत, कुणी साहेब पाहायला येणार असला की तेवढे बाहेर निघत.

केवलराम सायकल हाणत दवाखान्यात पोचला तेव्हा हिरालाल पायरीवर बसला होता. त्याने उठून केवलरामला मिठीच मारली. भूपेंद्रच्या खिशातला पास त्याने आधीच काढून घेतला होता. मग त्याने केवलरामला भिंतीच्या आडोशाला नेलं आणि हात हातात घेऊन अगदी आपल्या माणसासारखं समजावलं.

"एक तो गया, काका. अब दूसरे को बचाओ. भाई के पास पर अंदर घुसा था, पुलिस नरेश को उठाएगी. डॉक्टर ने हाथ देख लिए हैं, टीन से कटे हैं. तो बोल दो, घर के छत पर टीन चढ़ा रहा था."

केवलरामने मागे पाहिलं. नरेश बापाच्या मागोमाग कसाबसा आला होता आणि भिंतीला टेकून थरथरत उभा होता. तापाने त्याचे डोळे लाल झाले होते. "बाबा, मले जेलात टाकतीन," एवढंच तो म्हणत होता. आत एक पोरगा मरून पडलेला आणि समोर दुसरा असा. पोलिसाने दवाखान्याच्या बाकावर बसूनच सगळं लिहून घेतलं, घर पाहायला कुणी आलं नाही. केवलरामला सही येत होती, पण त्या दिवशी हाताला पेन धरवेना, म्हणून अंगठा घेतला.

पुढचं सगळं हिरालालने केलं. गाडी दिली, लाकडं दिली, तेराव्याला वस्ती जेवू घातली. मैनाबाई त्याच्या पाया पडायचीच बाकी राहिली. महिन्याभराने नरेश मेट झाला, म्हणजे दहा माणसं त्याच्या हाताखाली आली. डोक्यावर पांढरं हेल्मेट आलं, गळ्यात शिट्टी आली. भूपेंद्रच्या बायकोला, दिपालीला, मिलच्या कँटीनमध्ये लावतो असं हिरालाल तेराव्याच्या पंगतीत सगळ्यांदेखत म्हणाला होता. ती दोनदा जाऊन विचारून आली, पुढे विचारायचं सोडलं. घरातल्या प्रत्येकाला काही ना काही मिळालं होतं. दिपालीला तोंड बंद ठेवायला मिळालं.

नाल्याच्या कडेला केवलरामने एक भाजीची बाडी वाट्याने केली होती. भेंडी, लालभाजी, थोड्या बरबटीच्या, म्हणजे चवळीच्या, शेंगा. पहाटे सासरा पाणी ओढी आणि सून भेंडी तोडी. भेंडीची लव कोपरापर्यंत खाजते, नवऱ्याचा जुना फुलबाहीचा शर्ट साडीवर चढवून ती तोडत असे, तरी मनगटं लाल होत. लालभाजीच्या जुड्या बांधायच्या, ओल्या पोत्यात गुंडाळायच्या आणि टोपली डोक्यावर घेऊन सुपेल्याच्या बाजारात बसायचं. चार वर्षांची मोनू आजीजवळ राही. सुपेल्यात उरलेला माल दिपाली पोलाद प्लांटच्या सेक्टरमधल्या क्वार्टरांमध्ये दारोदार फिरून विकी. दुपारी तिथल्या बायका पंख्याखालून उठून येत, जुड्या उलट्यापालट्या करत आणि पानं मलूल झाली म्हणून तिच्याच तोंडावर नाक मुरडत. दहा वाजल्यापासूनच्या उन्हात ती पानं डोक्यावर कुणी फिरवली हे त्यांच्या लेखी नव्हतं.

त्यातल्याच एका क्वार्टरात अरुणकुमार राहत. प्लांटच्या ऑफिसात कारकुनी करून निवृत्त झालेला, अमरावतीकडचा माणूस. भाजी तेच घेत आणि घासाघीसही मन लावून करत. एकदा कढीपत्ता फुकट मागता मागता त्यांनी सहज विचारलं की नवरा कुठे असतो. दिपाली आजवर सगळ्यांना सांगत होती तेच सांगणार होती. पण टोपली उतरवून मान मोकळी झाली होती, की समोरचा माणूस अनोळखी होता म्हणून, कोण जाणे, तिच्या तोंडून खरं निघालं.

"मिलमधी पडला साहेब. कागदात घरी पडला."

अरुणकुमारांनी कढीपत्ता खाली ठेवला. तिला ओट्यावर बसवून पाणी दिलं आणि सगळं ऐकलं. असल्या फायली त्यांच्या टेबलावरून आयुष्यभर गेल्या होत्या, आणि प्रत्येक फाइलवर त्यांनी वरच्या साहेबाला हवा तो शेरा मारला होता. हे त्यांनी तिला सांगितलं नाही. कामावर मेलेल्या माणसाच्या बायकोला दावा करता येतो, मात्र दोन वर्षांच्या आत करायचा, वेळ घालवू नको, हे तेवढं सांगितलं. वकिलाचं काय, असं दिपालीने विचारलं. वस्तीतली कुजबुज कानावर आल्यावर सुपेल्यातल्या एका एजंटाने तिला कोऱ्या स्टॅम्पपेपरवर सही मागितली होती आणि मिळेल त्यातलं अर्धं. अरुणकुमार म्हणाले की दुर्गच्या कोर्टात विधिक सेवेचं ऑफिस आहे, बायकांना तिथे वकील फुकट मिळतो. मग त्यांनी विजेच्या जुन्या बिलामागे पत्ता लिहून दिला, आणि त्या दिवशी भाजीचा भाव केला नाही.

दिपालीने ही गोष्ट घरी काढली नाही, बाडीत काढली. केवलराम वाफ्याला दार देत होता, हातात फावडं होतं.

"बाबा, दुर्गले जाऊन येतो म्हणतो मी."

"कायले?"

"मोनूच्या बापाचा कागद काढाले."

 त्याने एक दार बंद केलं, दुसरं उघडलं. पाणी दुसऱ्या वाफ्यात शिरलं आणि टोकापर्यंत गेलं तरी तो तसाच उभा होता. गेले काही महिने त्याच्या घशाखाली घास नीट उतरत नव्हता. भूपेंद्रचा शर्ट ज्या खिळ्याला असायचा, त्याच खिळ्याला आता पांढरं हेल्मेट टांगलेलं असे आणि ताट पुढ्यात आलं की नेमकं तेच दिसे. मग फावडं टेकवून तो बोलला.

"एकटी नको जाऊ. मीबी येतो."

विधिक सेवेने त्यांना सोनल नावाची तरुण वकीलबाई दिली. ती दुर्गचीच, मराठी घरातली. तिने पोलिसांचा कागद मागवला, वाचला आणि केवलरामकडे रोखून पाहिलं.

"काका, हे तुम्ही लिहून दिलंत?"

"हो."

"खोटं?"

"खोटं."

सोनलने मग त्याला काही गोडगोड सांगितलं नाही, आणि ते बरंच झालं. ती म्हणाली की पास कुणाचा होता याने दावा बुडत नाही. ठेकेदाराने जाणूनबुजून कामाला लावलं असेल तर तो जबाबदार आणि ज्याच्या शेडवर काम चाललं तो मिलवालाही जबाबदार. पण भूपेंद्र त्या दिवशी आत होता हे कुणीतरी बोलायला हवं. हिरालाल बोलणार नाही, शिपाई बोलणार नाही. उरला नरेश. "आणि तुम्ही उभे राहिलात की पहिला प्रश्न हाच येईल, की तेव्हा खोटं बोललात की आता बोलताय. पोलिसांना खोटं सांगितलं म्हणून तुमच्यावरही बालंट येऊ शकतं. आहे तयारी?"

केवलरामने मान हलवली. त्याला स्वतःची भीती वाटत नव्हती. घरी जाऊन नरेशला काय सांगायचं, याची वाटत होती.

सांगितलं, आणि घरात व्हायचं ते झालं. मैनाबाईने परातीतलं पीठ तसंच सोडलं. "एक तं गेलाच," ती म्हणाली, "आता दुसऱ्याच्या अन्नात माती कालवून राहिले तुमी दोघं. त्याची सोयरीक जमून राहिली. नोकरी गेल्यावर कोण पोरगी देईन त्याले?" तिचंही खोटं नव्हतं. भूपेंद्रला त्या दिवशी कामावर तिनेच धाडलं होतं. तो घरच्या छतावरून पडला असं कागदात असलं, की तिने धाडल्यामुळे मेला असं होत नव्हतं. त्या कागदाचा आधार घेऊनच ती इतके महिने झोपत होती, हे तिचं तिलाच माहीत.

दिपाली दारात उभी राहून बोलली. सासूपुढे इतकं ती कधी बोलली नव्हती.

"पैसे पायजे मले, आई. कावून नाई पायजे? माया माणूस गेला. अन् मोनू मोठी झाली तं तिले काय सांगू? तुया बापाले घरचा पत्रा लावता नाई आला, म्हणून मेला म्हणू?"

नरेश हेल्मेट मांडीवर घेऊन बसला होता. तो भावजयीकडे पाहत नव्हता.

"वहिनी, त्या दिवशी मी गेलो असतो तं मीच मेलो असतो. हे मले रोज आठवते. शेडखालून जातो तवा आठवते. पण आता नोकरी सोडून, केस अंगावर घेऊन, जित्ता राहून मी काय करू, ते सांग."

 त्या दिवसापासून नरेश बापाशी बोलेनासा झाला. एका चुलीवरचा भात दोनदा वाढला जाऊ लागला, आधी नरेशला, मग बाकीच्यांना. मोनूला वाटे काकाला घाई असते.

दावा दाखल झाल्याची नोटीस पोचली त्याच आठवड्यात हिरालाल बाडीवर आला. मोटरसायकल बांधावर उभी करून त्याने स्वतःच्या हाताने चार भेंड्या तोडल्या आणि एक कच्चीच खाल्ली. रागावला अजिबात नाही. म्हणाला की काका, लोक तुम्हाला भडकवून राहिलेत. वकील लोक आयुष्यभर फिरवतील. दिपाली बहू माझ्या घरची, कँटीनचं मी विसरलो नाही. जाता जाता एवढंच म्हणाला की नरेशला मी पोटच्या पोरासारखा ठेवला आहे, आता कोर्टात तोच उलटा बोलला तर माझ्याही हातात काही राहणार नाही. मग भेंडीचे पैसे द्यायला त्याने पाकीट काढलं. केवलरामने ते घेतले नाहीत. घ्यायला हवे होते, असं त्याला नंतर कितीतरी दिवस वाटत राहिलं, कारण पोरगा फुकट घेऊन गेलेल्या माणसाला त्याने दुसऱ्यांदा फुकट दिलं होतं.

तारखा पडत गेल्या. दुर्गच्या कामगार कोर्टाचा व्हरांडा दोघांच्या ओळखीचा झाला. एकेक तारीख म्हणजे एक दिवस बाडी सुटायची आणि भेंडी जून होऊन जायची. जून भेंडी कुणी घेत नाही, ती गाईपुढे टाकावी लागे. पुन्हा जून महिना आला. पाऊस लांबला होता आणि अंगाची लाही होत होती. एका शुक्रवारी केवलरामची साक्ष लागली.

व्हरांड्यातच सोनलने त्याला सांगितलं की समोरच्यांनी नरेशचं शपथपत्र दिलं आहे. केवलराम म्हणाला वाचून दाखवा. ती टाळत होती, त्याने पुन्हा म्हटलं. त्यात लिहिलं होतं की त्या दिवशी नरेश स्वतः कामावर होता, दुपारी बातमी आल्यावर तो दवाखान्यात गेला, भाऊ घरी छतावर टीन लावताना पडला, आणि मुलाच्या मृत्यूपासून वडिलांचं डोकं ठिकाणावर नाही. खाली नरेशची सही होती. तो स्वतः दहा पावलांवर हिरालालजवळ उभा होता आणि नळाकडे बघत होता. केवलरामने धोतराच्या सोग्याने तोंड पुसलं. त्याला पोराचा राग यायला हवा होता, पण त्याच्या मनात आलं की याला शाळेत घातलं तेव्हा सही शिकवायला भूपेंद्रच बसला होता.

आत गेल्यावर मिलच्या वकिलाने त्याला फार छळलं नाही. असल्या म्हाताऱ्यांना कसं सोलायचं हे त्याला सवयीने येत होतं. मागच्या वर्षीचा कागद पुढे धरून त्याने विचारलं, हा अंगठा तुमचाच? माझाच. घराच्या छतावर टीन चढवताना मुलगा पडला, हे तुम्हीच लिहवलं? मीच लिहवलं. तेव्हा शुद्धीत होता? होतो. पोलिसाने मारलं? नाही. मग आज वर्षानंतर पैशासाठी वेगळं सांगता आहात. मागे कुणीतरी हसलं. केवलरामने कठडा धरला होता. खाली वाकलेल्या वकिलाच्या हातातल्या कागदाकडे तो बघत राहिला आणि मग जजकडे वळून म्हणाला,

"साहब, हमारे घर में टीन है कहाँ? मेरे बाप के टाइम से कवेलू है. आज भी है. आके देख लो."

 टाइप करणाऱ्या बाबूचे हात थांबले. वर्षभर तो कागद पोलिसाकडून डॉक्टरकडे, डॉक्टरकडून वकिलांकडे फिरला होता. ज्यांनी तो वाचला त्यांनी ते कौलारू घर पाहिलं नव्हतं, आणि जे त्या घरात राहत होते त्यांना तो कुणी वाचू दिला नव्हता. सोनल उठून उभी राहिली आणि जागेची पाहणी व्हावी म्हणाली. जजने दोन मिनिटं कागद चाळले आणि सोमवारी कोर्टाचा माणूस जाऊन घर बघून येईल असं सांगितलं. केवलराम पिंजऱ्यातून उतरला तेव्हा मागचं बाक रिकामं होतं. हिरालाल फोन कानाला लावून केव्हाच बाहेर पडला होता आणि त्याच्यामागे नरेशही.

सोनलला आनंद लपवता येत नव्हता. टीन नसलेल्या घरावर टीन लावताना कोण पडतो, असं ती दोन-तीनदा म्हणाली. उद्या सकाळी ती स्वतः फोटोग्राफर घेऊन येणार होती. तरी तिने दिपालीला बजावलं की घरी पोचल्या पोचल्या मोबाईलवर छताचे फोटो काढ आणि मला लगेच पाठव. दिपालीने फोनमधली जागा रिकामी करायला मोनूचे दोन जुने व्हिडिओ तिथेच पुसले. बसमध्ये ती खिडकीशी बसली. सुपेल्याला उतरल्यावर केवलरामने तिला उसाचा रस पाजला आणि स्वतःही प्याला. वर्षभरात त्याला पहिल्यांदा भूक लागली होती. तो म्हणाला की आता बोलू दे त्या वकिलाले का बोलायचं हाये ते. पुढची ऑटो भरेपर्यंत अर्धा तास गेला.

वस्तीत शिरले तेव्हा पाच वाजून गेले होते आणि वारा सुटला होता. घरासमोर मिलची पिकअप उभी होती. तिच्यात निळे नवे पत्रे. अंगणात फुटक्या कवेलूंचा ढीग पडला होता, पाऊल ठेवायला जागा नव्हती. छताचा उजवा भाग उघडा करून त्यावर पत्रे चढलेसुद्धा होते. डाव्या बाजूला अजून कवेलू होते. मिलची दोन माणसं खालून पत्रे देत होती आणि वर आढ्यावर बसून नरेश बोल्ट कसत होता. मेटच्या कमरेलाही पट्टा नव्हता.

मैनाबाई मोनूला घेऊन निंबाखाली बसली होती. नवऱ्याला पाहून तिने आधीच बोलायला सुरुवात केली, की पावसाच्या तोंडावर घर पक्कं होऊन राहिलं, दरसाल कवेलू फेरा, दरसाल गळते, एवढं फुकटात कोण करून देते. तिने एकदाही सुनेकडे पाहिलं नाही. केवलराम कवेलूंच्या ढिगावरून धडपडत पुढे गेला.

"नरेश, खाली उतर."

नरेशने ऐकलं नाही. पत्र्याला वारा लागला होता, तो धरून ठेवण्यातच त्याची ताकद जात होती. पिकअपमधला पुढचा पत्रा आणायला ती दोन माणसं मागे वळली. तेवढ्यात नरेश हातातला पत्रा सरळ करायला म्हणून एक पाय आढ्यावर आणि एक पाय शिडीच्या वरच्या दांडीवर ठेवून वाकला. शिडी बांबूची, फुटक्या कवेलूंवर टेकलेली. वाऱ्याचा एक झोत आला, पत्रा वाजला आणि शिडी खालून हातभर सरकली. केवलरामने झेप घेऊन ती धरली. दोन्ही हातांनी धरली आणि छाती लावून उभा राहिला.

दिपाली निंबाजवळ फोन घेऊन उभी होती. घराची मागची बाजू कारखान्याच्या भिंतीला चिकटलेली, दोन्ही अंगांना शेजाऱ्यांची घरं. छत दिसतं ते समोरूनच, आणि समोर शिडी होती. डावीकडचे कवेलू दिवस बुडायच्या आत जाणार होते.

"बाबा, बाजूले व्हा. फोटोत येऊन राहिले तुमी."

"पडन तो," केवलराम म्हणाला.

"तुमी असे दिसले तं मिलचे वकील म्हणतीन, म्हातारा सोताच पत्रा काढून कवेलू घालून राहिला. बाबा, मी काय म्हणतो? थोडं बाजूले व्हा. एकच मिनिट."

त्याला सगळं कळत होतं. कोर्टात कुणी काय म्हणेल हे त्याला आता तिच्याइतकंच कळत होतं. त्याने वर पाहिलं. नरेशचे पाय थरथरत होते, टाचा भेगाळलेल्या, थेट भूपेंद्रच्या टाचांसारख्या. वरून नरेश महिन्यांनंतर पहिल्यांदा त्याच्याशी बोलला.

"बाबा, सोडजा नोको."

दिपालीने आणखी एकदा हाक मारली. मग मारली नाही. पिकअपमधली माणसं पुढचा पत्रा घेऊन येत होती. तिने फोन वर धरला आणि आहे तसा फोटो काढला. मग कवेलूंच्या ढिगावरून सावकाश चालत ती सासऱ्याजवळ आली आणि फोन त्याच्या तोंडासमोर धरला. अर्धं घर कवेलूचं, अर्धं पत्र्याचं, आणि मधोमध शिडीला बिलगलेला तो स्वतः.

"हे असं आलं," ती म्हणाली. "मॅडमले पाठवू का नोको, तुमीच सांगा."

केवलरामला काही फोन हातात घेता आला नाही. वरून नरेश अजून उतरला नव्हता.